साळूआईची माती

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. खैरमाळात तेव्हा घरं उंबऱ्यांवर मोजत नसत, धुरावर मोजत. सकाळी टेकडीवर उभं राहायचं आणि खाली बघायचं. जितके धूर, तितकी घरं. ज्याच्या छपरातून धूर निघत नाही, तो गावचा नाही.

हे सगळे धूर साळूआईच्या हातचे होते. साळूआई कुंभारवाड्यातली. गाडगी-मडकी तिचा नवरा करायचा, ती चुली घालायची. कुणाचं लग्न झालं, भाऊ भाऊ वेगळे निघाले, की तिला बोलावणं जायचं. ती तळ्याची माती आणायची, तीत लीद आणि तूस मिसळायची, पायांनी तुडवून तुडवून लोण्यासारखी करायची आणि चूल घालायची. शेवटी ओल्या चुलीच्या तोंडाशी वाकून काहीतरी पुटपुटायची. काय, ते कुणालाच ऐकू यायचं नाही. पण तिने घातलेल्या चुलीचा धूर कधी कुणाच्या डोळ्यांत गेला नाही, काठीसारखा सरळ वर जायचा, असं म्हणतात.

एका वर्षी नदीपलीकडच्या कानडी मुलखातून काही माणसं चालत आली. तिकडे पाऊस झाला नव्हता, विहिरींचे तळ दिसू लागले होते. खैरमाळात ज्वारी काढणीला आली होती. हणगोजी पाटलाने आधी त्यांच्या दंडांकडे पाहिलं, मग तोंडांकडे.

"राहा," पाटील म्हणाला. "ओढ्यापलीकडं माळ आहे, तिथं राहा. कामाला या. पण चूल घालायची न्हाई. तीन दगड मांडायचे, त्यावर शिजवायचं. आणि दर अवसेला ते दगड उचलून दुसरीकडं मांडायचे."

तीन दगड म्हणजे वाटसराची चूल, आणि मातीची चूल म्हणजे राहणाऱ्याची. दगड एका जागी रुजले तर माणसंही रुजतील, ही गावाची भीती. माणसं हवी होती ती कामापुरती.

आणि कामाला ती माणसं कमी पडली नाहीत. त्यांनी ज्वारी काढली, बांध घातले, पाटलाच्या माडीसाठी डोंगरातून दगड वाहिले. दुसऱ्या सुगीला तीच माणसं, तिसऱ्या सुगीलाही तीच. गावाची घरं बांधायला त्यांचे हात चालत होते. स्वतःपुरती मूठभर माती थापायला मात्र तेच हात चालत नव्हते. अवस आली की बायका आपापले काळे पडलेले दगड उचलायच्या आणि चार पावलांवर नेऊन मांडायच्या. माळावर जागोजाग राखेचे डाग पडले होते, देवी आल्यासारखे.

दगड हलले की नाही हे बघायला गाव साळूआईला पाठवायचं. चुलींचं काम तिचं, म्हणून हेही तिचंच. ती जायची, बघायची, "हलले" म्हणून सांगायची. गावाची रीत आहे, आपण कोण बोलणार, असं तिला वाटायचं. सगळ्यांनाच तसं वाटत होतं.

मग एका अवसेला ती गेली, तेव्हा त्या माणसांतल्या मल्लव्वाच्या खोपीपुढे आधण उकळत होतं. मल्लव्वा नुकतीच बाळंत झाली होती आणि बाळाच्या अंघोळीचं पाणी तापत होतं. तिचा नवरा पाटलाच्याच खळ्यावर मळणीला गेला होता. त्या दिवशी साळूआईबरोबर चौगुलाही आला होता. चौगुला म्हणजे पाटलाच्या हाताखालचा माणूस. धन्यापेक्षा त्याचाच आवाज मोठा.

"दगड हलव," चौगुला म्हणाला.

"पाणी तापू दे की," साळूआई म्हणाली. "ओली बाळंतीण हाय ती."

"आज पाणी म्हणंल, उद्या बारसं म्हणंल. परवा आमच्याच चावडीत येऊन बसंल. हलव गं!"

मल्लव्वाने पदर हाताला गुंडाळला आणि दगड धरला. दगड किती तापला होता, यावर सांगणाऱ्यांत एकमत नाही. कुणी म्हणतात पदर जळाला, कुणी म्हणतात तळहाताची कातडी दगडाला चिकटून राहिली. ती ओरडली मात्र नाही, एवढं सगळेच सांगतात. भांडं कलंडायला लागलं तेव्हा ती साळूआईला एवढंच म्हणाली, "अव्वा, पाणी धरा. लेकराचं हाय."

साळूआईने पाणी धरलं आणि लेकराला न्हाऊ घातलं. मल्लव्वाच्या हाताला कोरफडीचा गर लावला. मग ती उठली आणि तडक चावडीवर गेली. एवढी वर्षं ज्या वाटेने ती मान खाली घालून जायची, त्या वाटेने त्या दिवशी तिच्यापुढून कुत्रीसुद्धा बाजूला झाली, असं म्हणतात.

"पाटील, त्या माळावर मला चुली घालायच्यात."

"माती कुठली घालशील? तळं गावाचं, माती गावाची."

"आणि तुमच्या माडीचे दगड कुणी आणले? ते कसे गावाचे झाले? दगड चालले, मग दगड आणणारा का चालत न्हाई?"

चावडीत कुणीतरी हसलं. पाटील हसला नाही. "साळू, तळ्याच्या मातीला हात लावलास तर तुझ्या घरचं बलुतं बंद."

"तळ्याच्या मातीला न्हाई लावत," साळूआई म्हणाली.

ती घरी आली. कुदळ घेतली आणि स्वतःची चूल फोडली. तिच्या सासूच्या सासूच्या वेळची ती चूल होती. ढेकळं पाटीत भरून ती निघाली तशी नवरा आडवा आला.

"अगं, येडी का खुळी? आज जेवायचं काय?"

"पाटलाकडं जावा. तिथं दगड लई हायेत, एखादा शिजवतील."

भर दिवसा, गावाच्या मधोमध, आपली चूल डोक्यावर घेऊन ती माळावर गेली. ती ढेकळं तिने भिजवली, तुडवली आणि मल्लव्वाच्या खोपीत चूल घातली. या वेळी ती पुटपुटली नाही. ओढ्याच्या अलीकडे जमलेल्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलली, "दारात येईल त्याला जेवू घाल!" आणि गावाकडे वळून म्हणाली, "तुमच्या घराघरांतल्या चुलींना मी हाच शब्द दिला होता. तो तुम्ही नासवला. तो मी परत घेतला."

दुसऱ्या दिवशी सकाळी खैरमाळातल्या बायकांनी चुली पेटवल्या. धूर वर जाईना. तो जमिनीवरून सरपटत दाराबाहेर पडला, गल्लीगल्लीतून ओढ्याकडे गेला, ओढा ओलांडून माळावर जाऊन उभा राहिला आणि तिथून सरळ आभाळात चढला. गावात भाकरी भाजेना, आधण येईना. टेकडीवरून पाहिलं तर माळावर भरलेलं गाव होतं आणि खैरमाळात नुसत्या भिंती.

हे खरं कसं मानायचं, असं कुणीही विचारील. पण पुढचं तर गावातली लहान पोरंही सांगतात.

त्याच आठवड्यात डोंगरआईची पालखी यायची होती. ती दरवर्षी गावोगाव हिंडायची. भोई टेकडीवर थांबायचे, धूर बघायचे आणि धुराच्या दिशेने उतरायचे. त्या वर्षीही ते धूर बघून उतरले आणि पालखी थेट मल्लव्वाच्या खोपीपुढे टेकवली. मल्लव्वाकडे नैवेद्याला आंबिलीशिवाय काही नव्हतं. तिने तीच पुढे ठेवली.

हणगोजी पाटील धावत आला. "अहो, चुकलात! गाव हिकडं हाय!"

"न्हाई चुकलो," म्हातारा भोई म्हणाला. "धूर हितं हाय. तिकडं कोण राहतंय?"

पाटलाने पालखीला माणसं लावली, मग बैल लावले. पालखी तसूभरही हलली नाही. ओवाळायला आलेल्या बायका ओढ्याच्या अलीकडेच आरत्या घेऊन उभ्या राहिल्या. शेवटी पाटील साळूआईपुढे आला आणि त्याने पागोटं काढलं.

"काय करू, ते सांग."

"मी काय सांगणार? मी कुंभारीण. गावानं आपापल्या चुलीचं एकेक ढेकूळ आणावं. सगळ्यांनी. आणि तुम्ही ती माती तुडवा."

"मी?"

"मग काय चौगुला? हुकूम तुमचा होता की त्याचा?"

पाटलाने जन्मात पाय मातीत घातला नव्हता. त्याने धोतर वर खोचलं आणि तो चिखलात उतरला. तो घसरला, पडला, पुन्हा उभा राहिला. मल्लव्वा लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. जुन्या सवयीने ती मदतीला उठू लागली, तशी साळूआई तिच्यावर खेकसली, "बस खाली! त्याला तुडवू दे." ऊन कलेपर्यंत पाटील तुडवत होता. त्या मातीच्या चुली माळावरच्या प्रत्येक खोपीत बसल्या. मग पालखी फुलासारखी उचलली गेली, आणि गावातला धूर पुन्हा वर जाऊ लागला, असं म्हणतात. माळाला त्या दिवसापासून कुणी माळ म्हटलं नाही. ती खैरमाळाची खालची आळी झाली.

आता खैरमाळात घरोघर गॅस आहे. तरी गावात कुणी नवं बिऱ्हाड आलं, म्हणजे दवाखान्यातली नर्स असो, बिहारहून आलेला फरशीवाला असो, नाहीतर डोंगरापलीकडून आलेलं धनगराचं कुटुंब असो, घराघरातून मूठभर माती येते आणि सरपंचाला ती तुडवावी लागते. मागे एक सरपंच म्हणाला, "तालुक्याला मीटिंग आहे, उद्या तुडवतो." खालच्या आळीतल्या आज्यांनी त्याची मोटारसायकलच अडवली. "उद्या म्हणे! बूट काढ आधी. साळूआई बघतीया."

त्या मातीची हातभर चूल नव्या दारापाशी घालतात आणि तिच्यावर पहिलं दूध तापवतात. नव्या बिऱ्हाडातल्या माणसांनी त्या दिवशी कशालाही हात लावायचा नसतो. त्यांना सावलीत घोंगडी अंथरून देतात. ती माणसं अवघडून बसतात, पुन्हा पुन्हा उठू बघतात, आणि आज्या त्यांना खांद्याला धरून परत खाली बसवतात.