तानूबायची गुळणी

तानूबाय वैदिणीची खरी हकिगत या पंचक्रोशीत माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे, माझ्या बायकोला जास्त ठाऊक आहे. पण तिला कामं असतात, म्हणून तुमच्या नशिबी मी आलो.

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या पांगारखेडीच्या वडाला पहिली पारंबीसुद्धा फुटली नव्हती, तेव्हाची गोष्ट. गावात घरं चाळीस आणि वैद्य ऐंशी. औषध कुणालाच येत नसे, पण सांगायचं प्रत्येकाला असे. हसू नका, आताही तसंच आहे. खरी औषधवाली एकच, ओढ्यापलीकडची तानूबाय. तिच्या नुसत्या चाहुलीनं ताप उठून वाट द्यायचा, असं म्हणतात.

एका वैशाखात म्हाळू कुंभाराची चिंधी आजारी पडली. पाच वर्षांची पोर. घशात बेंड आलं, लिंबाएवढं. दोन दिवस पाण्याचा थेंब उतरेना. श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. झालं! सगळं गाव म्हाळूच्या अंगणात. आत्या म्हणाली, नवस बोला. सोनार म्हणाला, उंदराची लेंडी उगाळून लावा. कोंडाजी पाटलांनी तर विळा चुलीत तापत घातलासुद्धा. "मानेला डाग द्यायचा. गावचं पोर आहे, गाव ठरवील."

चिंधीची आई, यमुना, दारात आडवी उभी राहिली. पण चाळीस घरांच्या कालव्यात तिचा एकटीचा आवाज किती पुरणार?

तेवढ्यात तानूबाय आली. पोरीचा घसा पाहिला, पाण्याची घागर मागवली आणि म्हणाली, "माझ्या औषधाला एक पथ्य आहे. पोरीला नाही, तुम्हाला. आईबाप सोडून प्रत्येकानं तोंडात गुळणी धरायची. मी सांगेपर्यंत गिळायची नाही, थुंकायची नाही. ज्याची सुटेल, त्याच्या माथी पोरीचं दुखणं."

दुखण्याला कोण भीत नाही? सगळ्यांनी गाल फुगवले. पाटलांनी मिशा सांभाळून फुगवले. पांगारखेडी जन्मात पहिल्यांदा गप्प झाली. काय झालं म्हणून बघायला सात गावचे कावळे आले, असं म्हणतात.

मग तानूबाय आईबापांपुढं बसली. "वाटा दोन आहेत. लेप लावून तीन दिवस थांबायचं. बेंड आपसूक फुटेल, पण तोवर श्वास टिकेल की नाही, मला सांगता येत नाही. नाहीतर बाभळीच्या काट्यानं आत्ताच फोडायचं."

यमुनेनं विचारलं, "असं किती पोरांचं केलंस, बाय?"

"नऊ."

"आणि?"

"सात खेळतात."

म्हाळूनं चिंधीच्या गळ्यावर आडवा हात धरला. "लेपच लाव," म्हणाला.

"अहो, तिची शिट्टी ऐका," यमुना म्हणाली. "ती काय तीन दिवस पुरणार आहे?"

मग दोघं डोक्याला डोकं लावून कुजबुजत राहिली. पाटलांचे डोळे बाहेर यायची वेळ आली, पण तानूबायनं एकदाही घाई केली नाही. शेवटी म्हाळूनंच पोरीला मांडीवर घेतलं. "फोड. डोकं मी धरतो."

काटा लागला, बेंड फुटलं, आणि पू उडाला तो थेट पाटलांच्या पागोट्यावर! चिंधीनं छातीभर श्वास ओढला, समोरचे शंभर फुगलेले गाल पाहिले आणि खदखदून हसली. मग कोण आवरतंय? सगळ्या गुळण्या एकदम सुटल्या. त्या पाण्यात म्हाळूची कच्ची मडकी विरघळली आणि वैशाखातला कोरडा ओढा गुडघाभर वाहिला, असं म्हणतात. दुखणं मात्र इतक्या जणांत वाटलं गेलं, की प्रत्येकाच्या वाट्याला फक्त एकेक शिंक आली.

तेव्हापासून पांगारखेडीत पोर दुखणाईत झालं, की दाराशी तानूबायची घागर भरून ठेवतात. भेटायला येईल त्यानं गुळणी धरायची आणि गुमान बसायचं. आईबापांचं ठरलं, की मग थुंकायचं.

गेल्या साली तालुक्याचे नवे डॉक्टर एका घरी आले. ओसरीवर सतरा माणसं, सगळ्यांचे गाल फुगलेले. डॉक्टर उंबऱ्यातच थबकले. "अहो, गावात गालगुंडाची साथ आहे का?" कुणी बोलेना. मग त्यांनी पोराला तपासलं आणि उठता उठता म्हणाले, "गाडीत घाला याला. काय करायचं ते मी तिकडे बघतो."

पोराची आई म्हणाली, "आधी बसा, डॉक्टरसाहेब. काय करणार, कशासाठी करणार, दुसरं काय करता येईल, सगळं आम्हाला सांगा. सांगायचं नसेल, तर घागर तुमच्या डाव्या हाताला आहे."