पालखीत बसलेला जासूद

फार फार पूर्वी, निरोप माणसाच्या पायांवरूनच गावोगाव जात असत, त्या काळची ही गोष्ट. एका डोंगराळ राज्यात एक जासूद होता. राजाचे निरोप घेऊन या गडावरून त्या गडावर पळायचं, हेच त्याचं काम. गडी काटक, हसतमुख. सकाळी भाकरी-चटणी बांधून निघे, तो दिवस मावळता परत येई.

संध्याकाळी त्याची बायको त्याच्या तळव्यांतले काटे काढी. काढता काढता तिचेच डोळे भरून येत. "एक दिवस असा यावा, की तुमचे पाय जमिनीला लागू नयेत," ती म्हणे. देवही कधी कधी नको तेच नेमकं ऐकतो.

एकदा शत्रू चालून आला. जासुदाने कुठेही न थांबता घाट ओलांडला, राजाला वर्दी दिली आणि राज्य वाचलं. राजाने खूश होऊन त्याला पालखीचा मान दिला, शिवाय रोज मुदपाकखान्यातून ताट. त्या राज्यात रीत अशी, की पालखीचा मानकरी रस्त्याने पायी चालला तर तो राजाचा अपमान. ज्याच्या पळण्याने राज्य वाचलं, त्यालाच बक्षीस म्हणून बसवून ठेवायचं! पण रीतीला जाब कोण विचारणार?

बायकोचा आनंद गगनात मावेना. ताटात बासुंदी असे, जिलेब्या असत, तुपाने थबथबलेले लाडू असत. जासूद म्हणे, "अगं, पोट भरलं." ती म्हणे, "माझ्या गळ्याची शपथ, एवढा एक घास." मग तो खाई.

वर्षं गेली. त्याचं पोट सुटलं, अंगरखे पुन्हा पुन्हा सैल करावे लागले. "नवरा चांगला पोसलाय हं," शेजारणी म्हणत, आणि तिला धन्य वाटे. मग त्याला सारखी तहान लागू लागली. पायाला लागलेली साधी ठेच चिघळत राहिली. चार पायऱ्या चढल्या, की छातीवर हात ठेवून थांबावं लागे.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली. "मुली, याच्या रक्तात साखर वाढलीय, हृदयावर भार आलाय. तूप-साखर आवर. ज्वारीची भाकरी, पालेभाजी दे. जखम भरली, की रोज थोडं थोडं चालू दे. अजून वेळ गेलेली नाही."

"राजाचं ताट परत पाठवू?" ती म्हणाली. "लोक म्हणतील, बाईला मान पचला नाही."

जासुदाने मात्र मनावर घेतलं. तो गोडधोड पालखी वाहणाऱ्या भोयांना देई आणि त्यांच्याकडून भाकरी मागून घेई. जखम भरल्यावर पहाटे, रस्ता रिकामा असताना, तो तळ्याकाठी चालू लागला. हळूहळू तहान उतरली, श्वास पुरू लागला. बऱ्याच वर्षांनी तो शीळ घालत घरी आला.

नेमकं तेव्हाच बायकोने त्याचे चिखलाने भरलेले पाय पाहिले. ती रडू लागली. "तुमच्या पायांसाठी मी इतकी वर्षं रडले, ती याचसाठी? पुन्हा बाहेर पाऊल टाकलंत, तर माझं मेलेलं तोंड बघाल!"

"अगं, पळताना मला कधी दुखलंच नाही," तो हळूच म्हणाला. "दुखायचं ते तुला." पण तिचं रडं त्याला बघवेना. तो पालखीत जाऊन बसला आणि ताटातलं सगळं पुन्हा पहिल्यासारखं स्वतःच खाऊ लागला.

पुढे एका दुपारी जेवता जेवता त्याच्या छातीत कळ आली. वैद्यबुवांचं घर टेकडीपलीकडे. भोयांनी पालखी उचलली, पण ते वजन घेऊन चढ चढवेना; पुन्हा पुन्हा खांदे बदलावे लागले. बायको त्याचा हात धरून शेजारून पळत होती, "चला ना रे, लवकर चला," म्हणून विनवत होती. टेकडीच्या माथ्यावर तो हात तिच्या हातात गार पडला.

भोयांच्या हाका ऐकून वैद्यबुवा धावत आले, तेव्हा ती वाटेतच बसली होती. "मला वाटलं, मी त्यांना जपतेय," ती म्हणाली. "मी त्यांना नुसतं बसवून ठेवलं हो."

वैद्यबुवांनी जासुदाचे डोळे मिटले. राजाने ती रीत पुढे मोडली, पण जासूद काही परत आला नाही.

तात्पर्य: ज्याच्यावर माया कराल, त्याला नुसतं खाऊ घालू नका, चालूही द्या; बसवून पोसलेल्या देहात काळीज फार दिवस टिकत नाही.