सराईतली न विझणारी चूल

कोणे एके काळी, म्हणजे आपल्या पणजोबांनीही जिला ‘जुनी गोष्ट’ म्हटलं असतं अशा काळी, एका उंच घाटाच्या पायथ्याशी एक सराई होती. मीठ आणि गूळ लादलेल्या बैलांचे तांडे दुपारी तिथं उतरत, मुक्काम करत आणि पहाटे घाट चढू लागत. सराईचा मालक होता गोंदाजी आणि तिचा कारभार बघायची त्याची बायको सगुणा. मालक आणि कारभार यांतला फरक घरोघरी ठाऊक असतो, तो मी वेगळा सांगत नाही.

गोंदाजी मोठा प्रेमळ माणूस. पाहुणा दिसला की त्याचा चेहरा असा फुले की थकलेल्या माणसालाही हसू यावं. त्याच्या वडिलांनी त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, न्हाणीतली चूल कधी विझू द्यायची नाही. पाहुणा केव्हाही आला तरी पाणी कढत मिळालं पाहिजे. दुसरी, पाहुण्याचं काहीही ठेवून घ्यायचं नाही.

गोंदाजीनं दोन्ही गोष्टी जिवापाड पाळल्या. इतक्या की सराईत चिटपाखरू नसलं तरी न्हाणीतला हंडा रटरटतच असे. आणि तांडा निघून गेला की अंगणातलं बैलांचं शेण गोळा करून तो पाट्या भरभरून ओढ्यात नेऊन टाके. पाहुण्याच्या बैलाचं शेण, म्हणजे पाहुण्याचंच. ते घरात कसं ठेवायचं?

सगुणा म्हणे, “अवो, त्याच्या गोवऱ्या लावूया की. सरपणाला लागतील.”

गोंदाजी कानांवर हात ठेवी. “पाहुण्याचं शेण जाळून पाहुण्यालाच पाणी तापवायचं? लोक काय म्हणतील? गोंदाजी कवडीचुंबक झाला म्हणतील!”

“मग निदान दिवसा तरी चूल विझवा. भिंतींना आंघोळ घालायची हाय का?”

“तेवढं बोलू नगंस,” गोंदाजी म्हणे, आणि चुलीत आणखी एक लाकूड सारी.

ही लाकडं येत होती सराईमागच्या राईतून. आधी वाळक्या फांद्या गेल्या, मग बाभळी गेल्या, मग मोठमोठे आंबे गेले. राई मागे मागे सरकत गेली. शेवटी झऱ्याभोवतीची जांभळीची झाडं तेवढी उरली, आणि सरपण लांबच्या रानातून विकत आणावं लागू लागलं. त्याचा खर्च भागवायला गोंदाजीनं मुक्कामाचं भाडं वाढवलं.

आणि हळूहळू तांडे उतरेनासे झाले. सराईसमोरून घंटा वाजत जात, तांड्यांचे नाईक लांबूनच रामराम करत आणि पुढं निघून जात.

गोंदाजीला वाटलं, आपल्याच पाहुणचारात कमी पडतंय. म्हणून त्या भाबड्या माणसानं काय करावं? न्हाणीत दुसरी चूल मांडली आणि दुसरा हंडा चढवला! आगीत तेल ओतणं म्हणतात ते हेच.

अखेर एक दिवस असा आला की सरपण विकत आणायलाही काही उरलं नाही. गोंदाजीनं लाकूडतोड्याला सांगावा धाडला, उद्या ये आणि झऱ्याजवळच्या जांभळी तोड.

सगुणानं ते ऐकलं. ती आत गेली आणि तांब्याची भांडी बोचक्यात बांधू लागली.

“हे काय चाललंय?” गोंदाजीनं विचारलं.

“जांभळी गेल्या की झरा जाईल. झरा गेला की सराई गेली. मग भावाच्या घरी जाऊन त्याची भांडी घासायची, तर आपली आत्ताच बांधून ठेवलेली बरी.” तिचे डोळे भरून आले होते. ह्याच अंगणात ती नवी नवरी म्हणून आली होती, आणि ह्या सराईवर तिचा जीव होता.

तेवढ्यात बाहेर घंटा वाजल्या. तो तसाच रस्त्यावर धावला. जुन्या ओळखीचा तांडा चालला होता.

“नाईक, उतरा की! दोन-दोन हंडे उकळतायत!” त्यानं हात जोडले.

नाईकानं मान खाली घातली. “पुन्हा कधी तरी, गोंदाजी. आज घाई हाय.” असं म्हणून तो भराभर चालू लागला. घाई नव्हती हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तांड्याचा म्होरक्या बैल मात्र झऱ्यावर पाणी पीत मागं राहिला होता. गोंदाजी त्याच्याजवळ गेला, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि चक्क रडला. “तू तरी सांग रं, माझं काय चुकलं?”

त्या काळी बैल बोलत असत. माणसंच ऐकायला थांबत नसत. आज गोंदाजी थांबला होता.

बैल म्हणाला, “आमचा नाईक भिडस्त माणूस, तोंडावर बोलायचा न्हाई. मी बैल हाय, मला कसली भीड? गोंदाजी, तुझं पाणी झकास असतंय, पण ते माणसाच्या पाठीला. माझ्या पाठीला सावली लागती. आधी हितं राई होती. ओझं उतरलं की आमी गार सावलीत रवंथ करायचो अन् सकाळी घाट चढून जायचो. आता भर दुपारी उन्हात उभं ऱ्हायचं? तापलेला बैल चढणीला बसकण मारतो. म्हणून नाईक पुढल्या वडाखाली जातो. मुक्काम कुठं करायचा ते आमी बैल ठरवतो. नाईकाला आपलं वाटतं, त्योच ठरवतो.”

गोंदाजीनं वळून राईच्या ओसाड जागेकडे पाहिलं. पाहुण्यांसाठी म्हणून त्यानं पाहुण्यांची सावलीच चुलीत घातली होती.

“अन् माझं शेण वढ्यात का टाकतोस?” बैलानं विचारलं.

“पाहुण्याचं काही ठेवून घ्यायचं न्हाई, असं आमचे बाबा सांगायचे.”

बैल फुरफुरला. “अरं, ते मी इसरून गेलो व्हय? ते मी देऊन गेलो. पाहुण्यानं दिलेलं फेकून द्यायचं, हा कुठला मान?”

एवढं बोलून तो घंटा वाजवत तांड्यामागं निघून गेला.

गोंदाजीनं लाकूडतोड्याकडे निरोप पाठवला, येऊ नकोस. मग न्हाणीत जाऊन त्यानं स्वतःच्या हातानं दोन्ही चुली विझवल्या. सगुणाला त्यानं सगळं सांगितलं.

“शेणाचं अन् चुलीचं मी सांगून सांगून थकले,” सगुणा म्हणाली, “अन् बैलाचं एका बोलण्यात पटलं?”

“तू बैलाइतकं स्पष्ट कुठं बोललीस?”

सगुणाला राग यायला हवा होता, पण तिला हसू फुटलं. डोळे पुसून तिनं बोचकं सोडलं.

त्या दिवसापासून सराईची रीत बदलली. पाहुणा आला की एकच चूल पेटे, तीही गोवऱ्यांवर. चुलीतल्या राखेनं भांडी घासून निघत. न्हाणीतलं पाणी चर खणून अंगणात नेलं आणि त्यावर आंबा, चिंच, करंज लावले. पण झाड काही रातोरात सावली देत नाही. म्हणून दोघांनी बैलांसाठी गवताचा मांडव घातला आणि त्यावर भोपळ्याचे वेल चढवले. बैलांना सावली झाली आणि पाहुण्यांच्या ताटात भाजी आली. सरपणाचा खर्च सरला, तसं गोंदाजीनं भाडंही उतरवलं. एकेक तांडा परत येऊ लागला. शेणखतावर झाडं तरारली, आणि सगुणानं दोन खोल्या नव्या बांधून घेतल्या.

मग एका वर्षी दुष्काळ पडला. घाटाखालच्या बाकीच्या बहुतेक सराया पाण्याअभावी बंद पडल्या. उरलेल्यांनी घोटभर पाण्याचे दाम मागितले, आणि तिथली वाट लोक कायमची विसरले. गोंदाजीचा झरा बारीक झाला, पण जांभळींच्या मुळाशी वाहत राहिला. खर्च आटोक्यात होता म्हणून त्यानं भाडं एका कवडीनंही वाढवलं नाही. त्या उन्हाळ्यात इतके तांडे उतरले की सगुणाला आपली खोलीसुद्धा पाहुण्यांना द्यावी लागली. ती आणि गोंदाजी अंगणात आंब्याखाली निजले, आणि इतक्या समाधानानं याआधी कधी निजले नव्हते.

तात्पर्य : जो झाड राखतो आणि घरातलं वाया जाऊ देत नाही, त्याचा पाहुणाही सुखी होतो आणि त्याचा गल्लाही भरतो.