गाळातलं चाक

चाक गेलं ते मुळावकर सरांमुळं. खोदलं मी, फेकलं मजुरांनी, पण गेलं ते सरांमुळं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी त्यांना ऋषी वगैरे म्हणायला नको.

"सर, चाक कुठंय?"

मी खड्ड्याच्या तळाशी उभा होतो. सर वर काठावर, छत्रीखाली, खुर्चीत.

तांब्याची जुनी खाण होती ती, कित्येक पिढ्यांपूर्वी बंद पडलेली. ओढ्याचं पाणी पाटानं यायचं, या दगडी खड्ड्यातल्या लाकडी चाकावर पडायचं. चाक फिरायचं आणि खाणीत साठलेलं पाणी उपसून बाहेर टाकायचं. पाण्यानंच पाणी काढायची युक्ती. पाट आम्हाला सापडला. चाकाचा आस टेकायच्या दोन खाचा सापडल्या. भिंतीवर घासल्याच्या गोल रेघासुद्धा सापडल्या. तीन आठवडे गाळ उपसला आणि तळाची फरशी लागली.

चाक नाही.

माझा तीन वर्षांचा प्रबंध त्या चाकावर उभा होता. पुढं तो मी सोडूनच दिला.

"सर, मी विचारतोय."

प्रश्न विचारला की सर गप्प बसायचे. त्या गप्प बसण्यावर आमच्या पुरातत्त्व विभागातल्या दोन पिढ्या पोसल्या. आम्ही त्याला व्यासंग म्हणायचो.

उत्तर दिलं ते यशोदाबाई कुळमेथेंनी. त्या गाळाची टोपली वाहायच्या.

"चाक? थे तं तुमीच टोपल्यात भरून देल्लं ना बाबू."

"काय?"

"काया काया पट्टा होता, वाकडा. मी म्हनलंबी, बाजूले ठेवू का? तुमी म्हनलं, फेक. आता कोंबडी खाऊन अंडं हुडकता का जी?"

बाकीच्या बाया हसल्या.

लाकूड चिखलात कुजून जातं. मागं उरतो काळा डाग, लाकडाच्याच आकाराचा. राखाडी गाळातले ते वाकडे काळे पट्टे, तेच चाक. आधी ते मोजायचं, त्याचं चित्र काढायचं, मगच हात लावायचा. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे कळतं. मलाही कळत होतं.

पट्टे लागले त्या दिवशी मी सरांना खाली बोलावलं होतं. ते धरून धरून उतरले, वाकले, माती चिमटीत घेऊन बराच वेळ चोळली. म्हणाले, "गाळ आहे. काढ."

मी काढला.

आता मी वर चढलो. फेकलेल्या ढिगातून काळा पट्टा असलेलं एक ढेकूळ शोधलं, दुसरं साधं उचललं. दोन्ही हातांवर दोन ढेकळं घेऊन सरांच्या पुढ्यात उभा राहिलो.

"यातलं काळं कुठलं, सर?"

त्यांचा हात पुढं आला. माझ्या तळव्यापासून वीतभर बाजूला थांबला. तिथंच चाचपडला.

"केव्हापासून?"

"दोन पावसाळे झाले."

"आणि सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर खणायला आणलं असतं मला?"

"डोळे जातात, कान जातात, तुमची खुर्ची तेवढी जात नाही!" मी ओरडलो. "चाक फेकायला लावलंत तुम्ही!"

"तुला दिसत होतं ना?"

"हो."

"मग मला कशाला विचारलंस?"

यशोदाबाईंनी टोपलं खाली ठेवलं. आता कुणी हसत नव्हतं.

"नोंदवही घे," सर म्हणाले. "लिही. चाक होतं. न मोजता खणून फेकलं. हुकूम माझा, हात निनाद येरणेचा."

निनाद येरणे म्हणजे मी.

नोंदवहीचं ते पान सरकारात जातं, विद्यापीठात जातं. असल्या ओळीत ज्याचं नाव येतं, त्याला पुन्हा कुणी खणायला उभं करत नाही. सरांचं काय, ते सत्तरीला टेकले होते. मी सव्वीस वर्षांचा होतो.

मी लिहिलं : चाक मिळालं नाही.

"वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं. त्यांनी सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द. माझ्या नावासकट.

सर ऐकत राहिले. वाचून झालं तरी ऐकतच राहिले...

"मी सांगितली ती तीन वाक्यं," ते म्हणाले. "पेन वाजलं ते एका वाक्याइतकं."

मी वही मिटली नाही.

त्यांनी पेनासाठी हात पुढं केला. मी पेन दिलं.

"बोट ठेव, सही कुठं करायची तिथं," सर म्हणाले. "चाळीस वर्षांतली ही माझी पहिली खोटी सही."