खिंडीतली महाग खीळ

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरावरच्या गावांना मीठसुद्धा बैलगाडीनेच पोचायचं, त्या काळातली. तेव्हा एका राज्यात एक अवघड घाट होता. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, त्या वाटेवर गाडीवानाचा जीव एका वीतभर लोखंडात असायचा.

ते लोखंड म्हणजे चाकाची खीळ. चाक ज्या दांड्याभोवती फिरतं तो आस. आसाच्या टोकाला भोक असतं आणि त्यात ही खीळ ठोकलेली असते. खीळ आहे तोवर चाक जागेवर. खीळ तुटली की चाक निसटलं, आणि घाटात चाक निसटलं की पुढचं सांगायला नको.

घाटाच्या पायथ्याशी मोठी बाजारपेठ होती. तिथे माणकशेट नावाचा दुकानदार खिळी विकायचा. घाटाच्या माथ्यावर, खिंडीत, साळू नावाची म्हातारी एकटीच राहायची. तीही खिळी विकायची. दोघांचा माल एकाच लोहाराच्या भट्टीतला. पण माणकशेट खीळ द्यायचा एका नाण्याला आणि साळू घ्यायची तीन.

डोंगरावरच्या गावात केरबा नावाचा गाडीवान होता. अंगाने दणकट, हिशेबाला पक्का, आणि कुणी आपल्याला फसवलं असं वाटलं की पेटून उठणारा. एकदा खिंडीत त्याच्या गाडीची खीळ तडकली. साळूने नवी खीळ दिली, पहार लावून चाक उचलून धरलं, स्वतःच्या हाताने ती ठोकून दिली. केरबाने तीन नाणी मोजली आणि तो खाली उतरला. पेठेत माणकशेटच्या दुकानात त्याला तीच खीळ दिसली. तोच आकार, टोकाशी लोहाराची तीच खूण.

"केवढ्याला?" केरबाने विचारलं.

"एक नाणं," माणकशेट म्हणाला.

केरबाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तो ती खीळ विकत घेऊन गाड्यांच्या तळावर गेला, आपल्या चाकातली साळूची खीळ उपटली आणि दोन्ही हातांत दोन खिळी धरून ओरडला, "बघा रे! खाली एक, वर तीन! आपण खिंडीत अडलेले असतो म्हणून ती म्हातारी आपल्याला लुटते!"

प्रत्येकाने कधी ना कधी साळूला तीन नाणी दिलेली होती. ती आता एकदमच सगळ्यांना टोचू लागली. गाडीवान एकत्र झाले आणि फिर्याद घेऊन राणीकडे गेले.

राणी न्यायी होती, पण तिला निवाडा लवकर करायची सवय होती. तिने साळूला बोलावलं. दोन्ही खिळी समोर ठेवल्या.

"या दोन्हींत काही फरक आहे का?" राणीने विचारलं.

"नाही, राणीसाहेब," साळू म्हणाली.

"मग दाम तिप्पट का? ही वर न्यायला एवढा खर्च येतो?"

"वर न्यायला तसा काही खर्च येत नाही. मी तिथे बसते, त्याचा येतो."

दरबारात हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीच्या बसण्याचे पैसे आम्ही द्यायचे होय!" साळूचा चेहरा ताठ झाला. तिला आणखी पुष्कळ सांगता आलं असतं. पण हसणाऱ्यांपुढे तोंड उघडायचं नाही, असा तिचा स्वभाव. राणीला वाटलं, हिच्याकडे उत्तरच नाही.

हुकूम निघाला. माल एक तर दाम एक. खाली जो भाव, तोच वर.

साळूने हुकूम मोडला नाही. काही महिने तिने एका नाण्याला खीळ विकली. मग तिच्या घराला कुलूप दिसलं. ती दूर, लेकीच्या गावी निघून गेली होती. "लूट बंद झाली तशी म्हातारीही गेली," गाडीवान म्हणाले आणि केरबाला त्यांनी खांद्यावर घेतलं.

त्या वर्षी केरबाने नवी गाडी केली. नेहमीपेक्षा मोठी, जाड आसाची, दुप्पट ओझं ओढणारी. तिच्या खिळीही जाड. पूर्वी वर साळू असायची म्हणून जादा खीळ जवळ ठेवायची कुणाला गरज वाटत नसे. साळू गेली, तरी ती सवय तशीच राहिली.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी केरबाचा बाप, म्हादबा, रानात लाकडं तोडत होता. ओंडका घसरून त्याच्या पायावर आला. गुडघ्याखालचं हाड चुरलं. केरबाची बायको गोजरा हिने पायाला फळ्या बांधल्या, जखम आवळली. पण खरा इलाज पायथ्याच्या वैद्याकडेच होता.

"हलवायचा तर गाडीतूनच," गोजरा म्हणाली. "पाठीवर घेतलात तर रक्त थांबायचं नाही."

गाडीत पेंढा अंथरून त्यांनी म्हादबाला ठेवलं आणि निघाले. खिंडीपाशी आले तर धुकं इतकं दाट की बैलांची शिंगं दिसत नव्हती. अशा दिवशी घाटात कुणी गाडी घालत नसे. केरबाने घातली. बापाचं कण्हणं त्याच्या पाठीमागे होतं आणि त्याला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

खिंड ओलांडून पहिल्याच वळणावर कट्कन आवाज झाला.

केरबाने मान वळवली. दरीच्या बाजूचं चाक हळूहळू बाहेर सरकत होतं. तो ओरडेपर्यंत ते निसटलं, कडेवरून एकदा उसळलं आणि कडेच्या करवंदीच्या जाळीत अडकलं. गाडी धाडकन कलली. आसाचं टोक वाटेत रुतलं आणि मागची बाजू दरीवर आली.

"दगड! गोजरा, दगड लाव!"

केरबाने जू छातीशी धरलं आणि बैलांच्या पुढे पाय रोवले. बैल घाबरून मागे रेटत होते. गोजराने उडी टाकली, मिळेल तो धोंडा उचलून आसाखाली सारला, मग दुसरा, मग तिसरा. तिची बोटं सोलून निघाली. गाडी कुरकुरली आणि थांबली.

म्हादबा पेंढ्यासकट घसरत फळीला टेकला होता. दोघांनी त्याला अंगाखाली हात घालून, अंगुळ अंगुळ सरकवत वाटेवर घेतलं. बांधलेल्या फडक्यातून पुन्हा रक्त येऊ लागलं होतं.

केरबा जाळीतून चाक ओढून घेऊन आला. चाक धड होतं. आसही धड होता. नव्हती ती फक्त खीळ.

त्याने कोयत्याने लाकडाची खुंटी तासली आणि ठोकून बसवली. बैलांना पुढे घेतलं. चार पावलांत खुंटी पिचली.

आता काय? केरबाने वर पाहिलं. धुक्यातून खिंडीतलं घर अर्धवट दिसत होतं. तो धापा टाकत वर धावला. कुलूप होतं. त्याने दारावर मुठी मारल्या. फटीतून आत डोळा लावला. भिंतीभर खुंट्या होत्या. लहान खिळींच्या, मोठ्या खिळींच्या, जाड, बारीक, वाकड्या, जुन्या घडणीच्या गाड्यांच्या. प्रत्येक खुंटीखाली लोखंडाच्या गंजाचा डाग होता आणि खुंट्या सगळ्या मोकळ्या होत्या.

कोपऱ्यात चाक उचलायची पहार तेवढी उभी होती.

केरबा तिथून निघाला तो थेट पायथ्याकडे पळत सुटला. घसरला, पडला, उठला. पेठेत पोचला तेव्हा तो चिखलाने माखला होता आणि त्याला धाप लागली होती.

"माणकशेट... खीळ. जाड आसाची."

माणकशेटने त्याचा अवतार बघितला आणि तो गादीवरून उठलाच. "जाड आसाची माझ्याकडे नाही रे."

"नाही कशी? तुमच्याकडे ढीग असतात!"

"ढीग असतात ते रोज खपणाऱ्या मापाचे. आलेला माल आठवड्यात गेला पाहिजे, म्हणून तर मला एका नाण्याला परवडतं. तुझ्यासारख्या गाड्या राज्यात किती? ती खीळ आणून ठेवली तर वर्षानुवर्षं गंजत पडेल. मी नाही ठेवत."

"मग कोण ठेवतं?"

माणकशेट त्याच्याकडे बघतच राहिला. "साळू ठेवायची," तो म्हणाला. "सगळी मापं ठेवायची. वर्षभरात एक जरी गाडी तशी आली तरी ती अडू नये म्हणून. निम्म्या खिळी कधी विकल्याच जायच्या नाहीत. त्यांचा खर्च उरलेल्या खिळींवर पडायचा. तुला हे माहीत नव्हतं?"

केरबाने भिंतीला हात टेकला.

"उभा राहू नकोस," माणकशेट म्हणाला. "खीळ घडवायला वेळ जाईल. माझे हमाल आणि बाज घे. निघ!"

हमाल चांगले होते, पण वर चढायला वेळ लागायचा तो लागलाच. उतरताना तर निसरड्या वाटेवर बाज खांद्यावर घेऊन पाऊल पाऊल चाचपत यावं लागलं. गोजरा सगळी वाट सासऱ्याचा हात धरून चालत होती. मध्येच म्हादबाचं कण्हणं थांबलं आणि त्या थांबण्याचीच सगळ्यांना जास्त भीती वाटू लागली. वैद्याच्या दारात बाज टेकली तेव्हा ऊन कललं होतं.

वैद्याने फडकं सोडलं. पाय काळानिळा पडला होता.

"जीव वाचेल," तो म्हणाला. "पाय काढावा लागेल. दुपारच्या आत आणला असता तर कदाचित राहिला असता."

म्हादबाचा जीव वाचला. पाय गेला.

पुढे कित्येक दिवस केरबा बापाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. शेवटी म्हादबानेच त्याला जवळ बसवलं. "पाय माझा गेला. तू का मान खाली घालून हिंडतोस?"

"बाबा, खिंडीतल्या त्या दाराला कुलूप मी घातलं."

म्हादबाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "मग जा आणि ते उघडून ये."

केरबा साळूच्या लेकीच्या गावी गेला. साळू अंगणात धान्य पाखडत होती. त्याने घडलेलं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

ऐकता ऐकता साळूचं सूप थांबलं. "म्हादबाचा पाय..." ती पुटपुटली. मग म्हणाली, "तू मला लुटारू ठरवलंस, केरबा. भर दरबारात. एकदा खिंडीतच विचारलं असतंस, मावशी, तीन का घेतेस, तर मी तुला घरात नेऊन सगळं दाखवलं असतं."

"चुकलो, मावशी."

"आणि मीही चुकले. राणीसाहेबांनी विचारलं तेव्हा सांगायला हवं होतं. लोक हसले आणि माझा ताठा आडवा आला." तिने सूप खाली ठेवलं. "पण हुकूम आहे तोवर मी येऊन काय करू? एका नाण्यात ते दुकान चालत नाही. मी चालवून पाहिलं."

तेव्हा केरबा पुन्हा राणीपुढे उभा राहिला. आपणच जिंकलेल्या फिर्यादीविरुद्ध तो बोलू लागला, आणि दरबारात कुणी हसलं नाही.

राणीने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे जो महाग विकतो तो भला, असं म्हणायचं आहे तुला?"

"नाही, राणीसाहेब. नुसतं लुबाडणारेही असतील. आणि माणकशेट स्वस्त देतो, तोही भला माणूस आहे. तो रोजची गरज भागवतो, साळूमावशी अडल्या दिवसाची. मी दोन खिळी शेजारी धरल्या आणि मला लोखंड सारखं दिसलं. लोखंडामागची माणसं मी पाहिलीच नाहीत."

राणी गंभीर झाली. "मीही तेवढंच पाहिलं," ती म्हणाली.

तिने जुना हुकूम मागे घेतला. नवा हुकूम असा निघाला: विकणाऱ्याने आपला भाव ठरवावा, पण कुणी कारण विचारलं तर ते खरं सांगावं. आणि घेणाऱ्याने कारण विचारल्याशिवाय कुणाला लुटारू म्हणू नये.

साळू खिंडीत परत आली. सगळ्या मापांच्या खिळी नव्याने भरायच्या होत्या, म्हणून आता ती चार नाणी घेऊ लागली. एका परक्या गाडीवानाने कारण विचारलं, तेव्हा तिने त्याला हाताला धरून आत नेलं आणि सगळ्या भिंती दाखवल्या. तो चार नाणी देऊन गेला. त्यानंतर गाडीवान पायथ्याशी माणकशेटकडून नेहमीची खीळ घेत, आणि खिंडीत अडले तर साळूकडून. घाटात गाड्या त्यानंतरही मोडल्या, पण खिळीवाचून कुणी अडून राहिलं नाही. म्हादबा मात्र उरलेलं आयुष्य कुबडीवर चालला आणि केरबा प्रत्येक वेळी त्याच्या पावलाला पाऊल जुळवून हळू चालत राहिला.

बोध एवढाच: एकाच वस्तूचे दोन भाव दिसले, तर चोर ठरवण्याआधी त्या भावात आणखी काय काय येतं ते विचारावं.