टबाकाठचा घाट

सन दोन हजार अठरा, महिना नोव्हेंबर, शरद ऋतूचे अखेरचे दिवस. त्रिपुरी पौर्णिमेची तिन्हीसांज.

“बारा व्होल्टनं कधी कोणी मेलंय का, अक्का?”

इरावती हे दुसऱ्यांदा विचारीत होती. टबाशेजारी स्टुलावर बसून कृष्णाक्का एका पंच्याची घडी मोडून पुन्हा घालीत होत्या.

“मला काय ठाऊक?” त्या म्हणाल्या. “वीज तुझी. माझं आपलं पाणी तेवढं.”

साताऱ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या उतारावर, जलोपचाराचे ते एक लहानसे केंद्र होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कृष्णाक्का तेथील न्हाणीघराच्या प्रमुख. आखडलेली, लुळी पडलेली माणसे त्यांच्या कोमट पाण्यात बसत आणि हळूहळू मोकळी होत. अक्कांचा दंडक एकच. रुग्णाला जो घेऊन येईल, त्याने त्याला न्हाऊ घालायला शिकायचे. सेवकावर सोपवून व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचीत बसणारा नातेवाईक त्यांना खपत नसे.

इरावती साळुंखे श्रावणात वडिलांना घेऊन आली होती. ती पुण्याची विद्युत अभियंता. मोठमोठ्या बंगल्यांच्या न्हाणीघरांत दिव्यांची मांडणी करून देणे हा तिचा व्यवसाय. त्या कामात तिचे नाव झाले होते, आणि ते झाले असल्याची तिला पुरती जाणीव होती. अक्कांनी पहिले आठ दिवस तिला वडिलांच्या अंगाला हात लावू दिला नाही. नुसते पाणी ओळखायला शिकवले. ती चिडली, पण शिकली.

तिचे वडील आत्माराम, सगळ्यांचे नाना, निवृत्त पोस्टमास्तर. अर्धांगाचा झटका आल्यापासून बोलणे एखाद-दुसऱ्या वाक्यापुरतेच उरलेले. मात्र कोमट पाण्यात बसवले की त्यांची जीभ सैल होई, आणि दर वेळी तेच शब्द बाहेर येत.

“त्रिपुरीला घाटावर दिवे... पाण्यात दिवे... सगळा घाट नुसता लखलखलेला.”

तो घाट नाना दहा वर्षांचे असतानाच धरणाच्या पाण्याखाली गेला होता. कोणाला नेऊन दाखवावा असा तो कोठेही उरला नव्हता.

डॉक्टरांनी इरावतीला बाजूला घेऊन सांगितले होते, दुसरा झटका हे शरीर सोसणार नाही. तेव्हाच तिने मनाशी ठरवले होते. या त्रिपुरीला नानांना त्यांचा घाट दिसलाच पाहिजे.

म्हणून तिने टबाच्या तिन्ही बाजूंना फळ्यांच्या उतरत्या पायऱ्या रचल्या होत्या. प्रत्येक पायरीच्या कडेला इवल्या एलईडी दिव्यांची पट्टी. अगदी खालची पायरी पाण्याला टेकलेली. भिंतीतल्या दोनशे तीस व्होल्टचे बारा करणारा डबा तेवढा टबाच्या उशाशी, कोनाड्यात ठेवलेला.

“तुम्ही उगाच भिता.” इरावतीने तारेची दोन्ही उघडी टोके चिमटीत धरून दाखवली. “बघा. धरलीत. होतंय का काही?”

“हात दे इकडे.”

अक्कांनी तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत टबात बुडवले आणि वरून आपले हात ठेवले. पाण्यावर वाफ होती. दोघी तशाच बसून राहिल्या.

दाराबाहेर चाकाच्या खुर्चीत नाना थांबले होते. आतून आवाज येईना, तेव्हा त्यांनीच विचारले, “इरे, लागले का गं?”

“लागतायत, नाना. दोन मिनिटं.”

...

अक्कांनी तिचे हात वर काढले. बोटांची टोके पांढरी पडून सुरकुतली होती, भिजत घातलेल्या बदामासारखी.

“आता धर ती टोकं.”

इरावतीचा हात पुढे गेला, आणि अधांतरी थांबला. भिजलेल्या कातडीतून वीज सहज शिरते, हे तिला पाठ होते.

“अजूनही बाराच आहेत,” ती म्हणाली.

“मग धर की.”

पण इरावतीची नजर तारेवर नव्हतीच. ती कोनाड्याकडे पाहत होती. डब्याच्या झाकणावर वाफेचे थेंब साचले होते. त्यातला एक ओघळला, झाकणाच्या सांध्यापाशी आला आणि दिसेनासा झाला.

“ते काय आहे?” अक्कांनी विचारले.

“डबा. एका अंगानं दोनशे तीस येतात, दुसऱ्या अंगानं बारा निघतात.”

“आणि मधे?”

“मधे... त्यांची गाठ पडू न देणारा पडदा असतो. तो चांगला आहे तोवर बारा.”

“गिऱ्हाइकाच्या घरी हा डबा कुठं बसवतेस?”

इरावतीने ओठ दाबले. “भिंतीपलीकडे. कोरड्यात. टबातल्या माणसाचा हात पोहोचणार नाही, वाफ पोहोचणार नाही, अशा जागी. नकाशावर मी स्वतः लाल रेघ मारते. रेघेच्या आत डबा येऊ देत नाही.”

“आणि गिऱ्हाईक म्हणालं, बाई, एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे, राहू दे इथंच?”

“काम सोडून निघून येते.”

“अस्सं.” अक्कांनी पंचा गुडघ्यावर पसरला. “मग आज इथं रेघ कुठं मारलीस?”

...

“भिंत दीड हात जाडीची आहे, अक्का. दारा-खिडकीतून फिरवायला तार पुरत नाही. भोक पाडणारा गवंडी सोमवारी येणार. त्रिपुरी सोमवारपर्यंत थांबत नाही.”

“नाही थांबत.”

“इरे,” बाहेरून नाना म्हणाले, “लागले का?”

इरावती उठली. तिने बटण बंद केले, हात पुसून कोरडे केले, सॉकेटमधून वायर उपसली आणि डबा उचलून बाहेरच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. परत आली तेव्हा तिचा आवाज बदलला होता.

“पुढची त्रिपुरी त्यांना आहे का, अक्का? सांगा ना. पाण्यातलं सगळं तुम्हाला कळतं म्हणतात.”

अक्कांनी टबात कोपर बुडवून पाहिले. मग म्हणाल्या, “आजचं पाणी तापलंय. त्यांना आत घे.”

त्या संध्याकाळी न्हाणीत बाहेरच्या व्हरांड्यातला पिवळा उजेड तेवढा होता. इरावतीने नानांना पाण्यात बसवले. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. नवल पाहण्याआधी मुले मिटतात तसे.

“उघडू?”

“नाही, नाना. आज नाही जमलं.”

“बरं,” नाना म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले आणि समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहत राहिले. त्या एका शब्दापेक्षा त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या, तर इरावतीला परवडले असते.

पुढचे दिवस तिने झपाटल्यासारखे काम केले. गवंडी आला, भिंतीला भोक पडले. ती पुण्याला जाऊन जडसा, सीलबंद, दोन्ही बाजू एकमेकींपासून पक्क्या अलग ठेवणारा ट्रान्सफॉर्मर घेऊन आली. गळतीचा जरासा करंट जाणवला तरी सगळे तोडून टाकणारे बटण तिने विजेच्या बोर्डावर बसवले. डबा भिंतीपलीकडे कोरड्या खोलीत गेला. पट्ट्या बदलल्या, त्यांची टोके बंद केली. स्वतःच्या नकाशावर मारली असती तशीच लाल रेघ तिने न्हाणीच्या फरशीवर खडूने ओढली आणि प्रत्येक सांधा दोनदा तपासला.

अक्का रोज येऊन पाहत आणि जात.

“झालं ना आता मनासारखं?” एकदा इरावतीने विचारले. तिला शाबासकी हवी होती, आणि हवी आहे हे लपवणे तिला साधत नव्हते.

“माझं मन कुठं मधे आणतेस? भिंत माझी फोडलीस तेवढी.”

आता फक्त पायऱ्यांची उंची जुळवायची राहिली होती. एके सकाळी तिने टेप घेऊन नानांच्या कॉटशेजारी बैठक मारली. मार्गशीर्ष लागला होता. नाना गेल्या आठवड्यात आणखी खंगले होते. ओठांपर्यंत नेलेला चहाचा कप त्यांना पेलत नव्हता.

“नाना, घाटाला पायऱ्या किती होत्या?”

“मला काय माहीत?”

“अंदाजे?”

“लांबून कुठं मोजता येतात गं.”

टेप तिच्या हातातच राहिला.

“लांबून?”

“आपली वाडी अलीकडे,” नाना शब्द गोळा करीत म्हणाले. “घाट पलीकडच्या गावाचा. मधे नदी. संध्याकाळची नाव बंद... आई म्हणायची, पुढल्या वर्षी नेईन. मी किनाऱ्यावर बसायचो. दिवे लागायचे. दिव्यांच्या ओळी पाण्यात उतरायच्या... पार माझ्या पायापर्यंत यायच्या.”

“आणि मग?”

“मग धरण आलं.”

इरावतीने टेप गुंडाळून ठेवला. मग उठून न्हाणीघराकडे गेली. अक्का दोरीवर पंचे वाळत घालीत होत्या.

“अक्का, नाना त्या घाटावर कधी गेलेच नव्हते.”

“हूं.”

“मी त्यांच्या अंगाभोवती घाट रचत होते. त्यांनी तो पलीकडून पाहिलाय. कायम पलीकडून.”

अक्कांनी पंच्याचे दुसरे टोक तिच्या हातात दिले. दोघींनी मिळून तो पिळला. पाणी निथळून गेले तरी अक्का पीळ देतच राहिल्या.

त्याच दुपारी तिने टबाभोवतीच्या साऱ्या फळ्या उखडल्या.

न्हाणीघराला एक रुंद खिडकी होती. खिडकीसमोर अंगण, आणि अंगणापलीकडे टेकडीवरच्या प्रार्थनामंदिराकडे चढणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्या. तिने दिव्यांच्या पट्ट्या त्या पायऱ्यांवर नेल्या. ट्रान्सफॉर्मर मंदिराच्या कोरड्या कोठीत गेला. महिनाभर खपून सजवलेल्या न्हाणीत एक तारही राहिली नाही.

“एवढी भिंत फोडली ती कशासाठी?” ते भोक बुजवायला आलेला गवंडी कुरकुरला.

“तुला दोनदा मजुरी मिळावी म्हणून,” अक्का म्हणाल्या.

गोष्ट मिटली ती दत्तजयंतीला. तारीख बावीस डिसेंबर, हेमंतातली कडक थंडी, दिवस नुकता मावळलेला.

सेवकाने आणि इरावतीने मिळून नानांना टबात बसवले. पाणी छातीपर्यंत आले. अक्कांनी व्हरांड्यातला दिवा मालवायला लावला. खिडकीची दोन्ही दारे उघडली. थंड वारा आत आला आणि पाण्यावरची वाफ एका बाजूला झुकली.

इरावतीने या वेळी डोळे मिटायला सांगितले नव्हते. तिने अंगणात जाऊन उभ्या राहिलेल्या सेवकाला नुसता हात केला.

पलीकडे पायऱ्या उजळल्या. आधी खालची ओळ, मग तिच्या वरची, मग आणखी वरची. मधल्या अंगणात काळोख होता, आणि त्या काळोखाची नदी व्हायला काहीच वेळ लागला नाही. टबातले पाणी हलायचे थांबले. दिव्यांच्या ओळी खिडकीच्या काठावरून पाण्यात उतरल्या, लांबल्या, आणि नानांच्या छातीपर्यंत आल्या.

नानांची नजर त्या ओळींमागून पायऱ्यांपर्यंत गेली आणि परत पाण्यावर आली.

...

त्यांनी चांगला हात पाण्यातून किंचित वर उचलला. ओळी मोडल्या, थरथरल्या, पुन्हा जुळल्या. त्यांनी तो पुन्हा उचलला नाही. तोंड थोडे उघडे राहिले होते. चेहऱ्यावर साठ वर्षांपूर्वीचे कोणीतरी येऊन बसले होते, आणि इरावती त्याला ओळखत नव्हती.

“इरे,” बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “नाव आहे का गं?”

इरावती अक्कांच्या कानाशी वाकली.

“नेऊ का त्यांना? पंचे गुंडाळते, शाल घालते. खुर्चीवरून अंगण ओलांडायला किती वेळ लागतो? पहिल्या पायरीला हात लावू दे त्यांना, अक्का. सगळं सुरक्षित आहे, मी स्वतः तपासलंय. साठ वर्षं राहिलंय त्यांचं...”

अक्का नानांकडे पाहत होत्या. नाना दिव्यांकडे.

“अक्का, नेऊ ना?”

...

“पाणी निवत चाललंय,” अक्का म्हणाल्या. “एक तांब्या कढत घाल, आणि इथंच बस.”