कोनाड्यातली काजळी

नदीत नावा चालायच्या, हेही लोक विसरून गेले होते, तेव्हाची ही गोष्ट. सदान्‌कदा शेपटी हलवणारी एक धोबीण पक्षीण घरटं करायला शहरातल्या पुलांपाशी आली. अंडी घालायची घाई, आणि नवा पूल असा गुळगुळीत की काडी टेकवायला जागा नाही! जुन्या दगडी पुलाच्या खांबात मात्र तिला छानसा कोनाडा सापडला. पण आत सगळं काळंकुट्ट.

"आजोबा, किती हो हा मळ!" म्हणत ती ओल्या शेपटीने कोनाडा घासू लागली.

"अगं, थांब!" पूल कळवळला. "मळ नाही तो. नावाडी तिन्हीसांजेला इथे दिवा ठेवायचे. मागून येणाऱ्या नावांना वाट दिसायची. नावा गेल्या, दिवे गेले. एवढी काजळीच काय ती उरलीय माझ्याकडे."

धोबिणीची शेपटी हलायची थांबली. जन्मात पहिल्यांदाच!

पुढे कोनाड्यात पिलं चिवचिवू लागली. बघायला आलेली साळुंकी म्हणाली, "एवढी टापटिपीची तू, आणि पिलांच्या गालावर हे काळं काय गं?"

"तीट लावलीय," धोबीण ऐटीत म्हणाली. "आमच्या आजोबांच्या दिव्याची आहे!"

पूल दगडाचा होता म्हणून बरं, नाहीतर नाचलाच असता.